संगणक कॅमेऱ्यास प्रवेश कां नाकारतो?

वर्धा तालुक्यांतील आंजी (मोठी) येथील एखाद्या शाळेंत स्नेहसंमेलन झालें, शिक्षकांनीं कॅमेऱ्यांत शंभर-दीडशें चित्रें टिपलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीं शाळेच्या संगणकांत उतरवून घेण्यासाठीं तार जोडली, असें समजावें. पडद्यावर कॅमेऱ्याचें नांव उमटतें. तो कोणत्या कंपनीचा, हेंहि संगणक अचूक सांगतो. आणि चित्रें मागतांच उत्तर येतें : परवानगी नाहीं.

अशा वेळीं पहिला संशय तारेवर जातो, मग कॅमेऱ्यावर आणि शेवटीं संगणकांत घातलेल्या 'फुकटच्या' लिनक्स प्रणालीवर. कोणी तरी जाणता गृहस्थ येतो आणि सर्व दारें एकदां सताड उघडून टाकण्याचा सल्ला देतो. त्यानें चित्रें मिळतात हें खरें. पण त्या दिवसापासून त्या संगणकाच्या दारांना कडी उरत नाहीं. वस्तुतः तार, कॅमेरा व प्रणाली हीं तिन्हीं निर्दोष आहेत. पहाऱ्यावरच्या माणसानें ओळख न पटल्यामुळें जसें अडवावें, तसा हा प्रकार असून ओळख पटविण्याची रीत ठरलेली आहे. ती एकदां कळली कीं दार मोडण्याचें कारण राहत नाहीं.

हा प्रश्न आज अधिक जणांपुढें येण्यास एक निमित्त घडलें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि तिच्या पुढील आवृत्तीच्या अटी जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांस पुऱ्या करतां येत नाहींत. चालतें यंत्र भंगारांत घालण्याची ज्यांची ऐपत नाहीं, अशा शाळांस व वाचनालयांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेला 'ग्नू' उपक्रम आणि लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहिलेला गाभा, यांच्या संयोगांतून ही प्रणाली उभी राहिली. तिची मूळ संहिता कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येते. 'सी-डॅक' या सरकारी संस्थेनें याच पायावर 'बॉस' नांवाची, भारतीय भाषांची सोय असलेली आवृत्ति २००७ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां 'फुकटची' हें विशेषण तिला लावणें म्हणजे सार्वजनिक विहिरीला फुकटची विहीर म्हणण्यासारखें आहे.

नकाराचें मूळ मात्र लिनक्सहूनहि जुनें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' या प्रणालीचा आरंभ केला, तेव्हां संगणक ही एका माणसाची वस्तु नव्हती. यंत्र एक, आणि त्याला जोडलेल्या टंकयंत्रांवर बसलेलीं माणसें अनेक. एकाचें लिखाण दुसऱ्यानें चुकून वा मुद्दाम पुसूं नये, म्हणून प्रत्येक फाइलीपुढें माणसांचे तीन वर्ग मांडले गेले : मालक, गट आणि इतर. प्रत्येक वर्गास वाचण्याचा, लिहिण्याचा व चालविण्याचा अधिकार निरनिराळा द्यावयाचा. याच्या जोडीला आणखी एक कल्पना होती, आणि तीच येथें महत्त्वाची आहे : यंत्राला जोडलेली वस्तु, मग ती छापखाना असो वा चुंबकीय फीत, तीहि एक फाइलच समजावी. म्हणजे जो पहारा कागदपत्रांवर तोच पहारा उपकरणांवर. लिनक्सनें हा वारसा तसाच चालविला. कॅमेरा जोडला कीं संगणकाच्या दृष्टीनें तीहि एक फाइल होते, आणि तिलाहि मालक, गट व इतर असतात.

जुन्या मध्यप्रांतांत ज्याला पटवारी म्हणत, त्या तलाठ्याच्या दप्तराचें उदाहरण घेतल्यास ही व्यवस्था लवकर ध्यानांत येते. दप्तरांत नोंद करण्याचा अधिकार तलाठ्याचा. त्याच्या वरचे जे अधिकारी, त्यांस ती तपासण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार. शेतकऱ्यानें सातबारा पाहावा, उतारा मागावा. परंतु लेखणी हातीं घेऊन स्वतःच नांव चढवूं नये. संगणक हेंच अंकांनीं लिहितो. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १ असे गुण ठरलेले असून त्यांची बेरीज प्रत्येक वर्गापुढें मांडतात. तारेनें जोडलेल्या साध्या उपकरणाच्या फाइलीवर बहुधा ६६४ असा अंक असतो. पहिला ६ मालकाचा, म्हणजे चार अधिक दोन. दुसरा ६ गटाचा. आणि शेवटचा ४ इतरांचा. मालक व गट या दोन्हीं ठिकाणीं 'रूट' हें नांव असतें, आणि 'रूट' म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी. खुर्चीवर बसलेले शिक्षक तूर्त 'इतरां'त मोडतात.

आरंभींचें कोडें येथेंच सुटतें. कॅमेऱ्याचें नांव दिसतें, कारण तें वाचण्यास चाराचा अधिकार पुरतो. चित्रें मात्र मिळत नाहींत, कारण कॅमेऱ्याकडून चित्र घेण्यासाठीं आधीं त्याला 'अमुक चित्र पाठव' अशी आज्ञा धाडावी लागते. आणि आज्ञा धाडणें हें संगणकाच्या भाषेंत लिहिणें होय. शेतकऱ्यास दप्तर दिसतें, पण लेखणी मिळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

यावर पुष्कळांना सुचणारा उपाय असा कीं, सर्वाधिकारी होऊन त्या फाइलीचा अंक बदलावा. 'सीएचमॉड' या आज्ञेनें तो बदलतोहि. परंतु कॅमेऱ्याची फाइल ही तिजोरींतल्या कागदासारखी टिकाऊ नसते. तार जोडतांच गाभा ती निर्माण करतो आणि तार काढतांच ती नाहींशी होते. पुढच्या वेळीं नवी फाइल, नवा क्रमांक आणि पुन्हा तोच ६६४. म्हणून सकाळीं केलेली दुरुस्ती दुपारीं उरत नाहीं, आणि दुरुस्ती करणाराच खोटा ठरतो. या क्षणभंगुर फाइलींना जन्मतःच कोणता अधिकार द्यावा, हें ठरविणारा एक कारभारी लिनक्समध्यें आहे. त्याचें नांव 'यूडेव्ह'. तो नियमांच्या कांहीं याद्या बाळगतो, आणि नवें उपकरण येतांच त्या क्रमानें वाचून पाहतो. सांगावयाचें तें याला सांगावयाचें.

तत्पूर्वीं दुखणें खरोखर परवानगीचें आहे कीं नाहीं, तें पाहिलें पाहिजे. कारण याच चेहऱ्याचें दुसरें एक दुखणें आहे. पुष्कळ लिनक्स प्रणालींत कॅमेरा जोडतांच फाइली दाखविणारा कार्यक्रम पुढें होऊन तो आपल्या ताब्यांत घेतो. मग चित्रें उतरविणारा दुसरा कार्यक्रम आला कीं त्याला उपकरण मिळत नाहीं. तेथें संदेशांत 'परवानगी नाहीं' असें नसून 'उपकरणावर ताबा मिळत नाहीं' अशा अर्थाचे शब्द असतात. तेव्हां पहिल्या कार्यक्रमांतून कॅमेरा मोकळा केला, म्हणजे काम भागतें. अधिकारांस हात लावण्याचें कारणच नाहीं. संदेश शब्दशः वाचण्याचा कंटाळा करणारे लोक या ठिकाणीं तासन्‌तास फुकट घालवितात.

संदेश परवानगीचाच असेल, तर आज्ञापटावर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी निघते, आणि प्रत्येकापुढें दोन चार-अक्षरी अंक असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. कॅनन कंपनीचा अंक ०४ए९ आणि निकॉनचा ०४बी० असा आहे. हे अंक टिपून ठेवावेत. त्याच ओळींत वाहिनीचा व उपकरणाचा क्रमांक मिळतो, त्यावरून फाइल शोधून 'एलएस'च्या विस्तृत रूपानें तिचे अधिकार पाहावेत. अधिकारांच्या अक्षरांपुढें शेवटीं एक अधिक चिन्ह दिसलें, तर तें विसरूं नये. त्याचा उलगडा पुढें होईल. अखेरीस 'ग्रुप्स' ही आज्ञा दिली कीं बसलेला मनुष्य कोणकोणत्या गटांत आहे तें कळतें.

जुना उपाय गटाचा. कांहीं वितरणांत 'प्लगडेव्ह' नांवाचा गट यासाठीं असतो, कोठें 'कॅमेरा' नांवाचा. पडद्याच्या माथ्यावर बसविलेल्या छोट्या कॅमेऱ्यासाठीं बहुतेक सर्वत्र 'व्हिडिओ' हा गट आहे. यूडेव्हनें उपकरण त्या गटाच्या हवालीं केलें, आणि शिक्षकांचें नांव त्या गटांत घातलें, कीं दार उघडतें. नांव घालण्याची आज्ञा 'यूजरमॉड'. येथें मात्र एका अक्षराचा प्रश्न आहे आणि तें अक्षर जिवावर बेतूं शकतें. गटाचें नांव सांगतांना मोठ्या 'जी'च्या आधीं लहान 'ए' लिहावा लागतो. 'ए' म्हणजे 'आहे त्यांत भर घाल'. तो राहून गेला, तर संगणक 'एवढाच गट ठेव' असा अर्थ घेतो आणि त्या माणसास बाकीच्या सर्व जोडगटांतून काढून टाकतो. त्यांत 'सूडो' हा कारभार पाहण्याचा गटहि असतो. म्हणजे कॅमेऱ्याची किल्ली घ्यावयास गेलेला मनुष्य घराचीच किल्ली हरवून परत येतो, आणि शाळेंत तेवढें एकच कारभारी खातें असेल तर ती दुरुस्ती करावयासहि अधिकार उरत नाहीं. शिवाय नवा गट लगेच लागू होत नाहीं; खात्यांतून बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्यावरच तो अंगीं लागतो. आज्ञा बरोबर देऊनहि 'कांहीं उपयोग झाला नाहीं' अशी तक्रार येते, ती बहुशः एवढ्यामुळें.

गटाच्या उपायांत एक खोल उणीव आहे. गटांतलें सदस्यत्व कायमचें असतें. जो 'व्हिडिओ' गटांत आला, तो संगणकासमोर बसलेला असो वा नसो, दुसऱ्या खोलींतून जाळ्याच्या वाटेनें त्याच यंत्रांत शिरूनहि तो कॅमेरा उघडूं शकतो. आणि त्या वेळीं समोर बसलेली मुलगी त्या कॅमेऱ्यांत दिसत असते. एकाच घरांतील एकाच माणसाच्या संगणकास यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु शाळेंत, वाचनालयांत, दवाखान्यांत यंत्र सर्वांचें असतें. आंजीशीं तर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राचें नांव जोडलेलें आहे. १९६९ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या ग्रामीण कार्यक्षेत्रांत हा परिसर येतो. रुग्णाच्या जखमेचें चित्र आणि स्नेहसंमेलनांतील नाचाचें चित्र हीं दोन्हीं एकाच जातीच्या कॅमेऱ्यानें निघतात, परंतु तीं पाहण्याचा अधिकार एकाच माणसांचा नसतो, हें अशा गांवांत विस्तारानें सांगण्याची गरज नसावी.

म्हणून अलीकडील लिनक्समध्यें अधिकार गटास न देतां आसनास देण्याची योजना आली. यंत्रासमोर या घटकेस कोण बसलें आहे, याची नोंद 'लॉगइंड' नांवाचा कारभारी ठेवतो. यूडेव्हच्या नियमांत एखाद्या उपकरणावर 'यूॲक्सेस' ही खूण असली, कीं त्या उपकरणाचा अधिकार समोर बसलेल्या माणसाच्या नांवें आपोआप चढतो; तो उठून दुसऱ्याचें खातें पुढें आलें कीं पहिल्याचें नांव उतरून दुसऱ्याचें चढतें. मघाशीं सांगितलेलें अधिक चिन्ह तें हेंच : तीन वर्गांखेरीज कोणा एका व्यक्तीच्या नांवें वेगळी नोंद झालेली आहे. 'गेटएफएसीएल' ही आज्ञा ती नोंद वाचून दाखविते. पहिल्या माणसानें आधींच उघडून ठेवलेला कार्यक्रम मात्र यानें बंद पडत नाहीं, एवढी त्रुटि राहते. तेव्हां उठण्यापूर्वीं खातें बंद करण्याची संवय असावी हें बरें.

बहुतेक कॅमेऱ्यांस ही खूण आपोआप मिळते. 'जीफोटो' या मुक्त प्रकल्पानें दोन हजारांहून अधिक नमुन्यांची ओळख जमविली आहे, आणि 'पीटीपी' या सर्वमान्य बोलीनें बोलणारा कॅमेरा त्या बोलीवरूनच ओळखला जातो. अडचण येते ती नवीन वा आडवळणी नमुन्यास, अथवा जेथें जुन्या यंत्राचा भार कमी करण्यासाठीं इतकी काटछाट केलेली असते कीं आसनाची नोंद ठेवणारा लॉगइंडच जागेवर नसतो. जुन्या संगणकांवर हें दुसरें कारण बरेंच आढळतें, आणि तेथें आधीं तो कारभारी बसविला पाहिजे.

नमुनाच अनोळखी असेल, तर 'ईटीसी' या कपाटांतील 'यूडेव्ह'च्या 'रूल्स-डी' कप्प्यांत एक छोटीशी फाइल सर्वाधिकाऱ्याच्या हातानें लिहावी. तींत ओळ एकच : उपकरण 'यूएसबी' जातीचें, कंपनीचा अंक अमुक, नमुन्याचा अंक अमुक, त्याला 'यूॲक्सेस' ही खूण जोड. ओळखीच्या भागांत बरोबर चिन्ह दोनदां लिहितात, कारण तेथें तुलना करावयाची असते. खूण जोडतांना अधिक आणि एकदां बरोबर. कंपनीचाच अंक देऊन थांबूं नये. नाहीं तर त्या कंपनीचा कागद टिपणारा स्कॅनरहि या सवलतींत शिरेल. फाइलीच्या नांवाचा आरंभ एका अंकानें होतो, आणि तो अंक ७३ पेक्षां लहान असला पाहिजे. नियम अंकांच्या क्रमानें वाचले जातात. खुणेवरून अधिकार चढविण्याचें काम ७३ व्या यादींत होतें. पुष्कळ लोक आपला नियम सर्वांत शेवटीं वाचला जावा म्हणून ९९ हा अंक देतात. तलाठी दप्तर बांधून गेल्यावर अर्ज नेऊन दिल्यासारखें तें होतें. नियम शुद्ध असतो, आणि त्याचा परिणाम शून्य होतो. लिहून झाल्यावर 'यूडेव्हएडीएम' या आज्ञेनें नियम पुन्हा वाचावयास लावावेत, तार काढावी, पुन्हा जोडावी.

सर्व अधिकार सर्वांना देणारा ७७७ हा अंक आणि प्रत्येक काम सर्वाधिकारी होऊन करणें, हे दोन मार्ग येथें मुद्दाम बाजूस ठेविले आहेत. पहिल्यानें पहारा उठतो. दुसऱ्याचा तोटा लगेच अनुभवास येतो : सर्वाधिकाऱ्याच्या हातानें उतरविलेलीं चित्रें त्याच्याच मालकीचीं होऊन बसतात, आणि शिक्षकांस तीं दुरुस्त करतां येत नाहींत. एक परवानगी टाळावयास जावें आणि दीडशें परवानग्या मागत बसावें, अशी गत होते.

पहाऱ्याची ही कल्पना मुलांच्या संगणकांत कशी उतरली, याचें एक उदाहरण महाराष्ट्रांत आहे. 'प्रत्येक मुलास एक संगणक' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतांतील प्रयोग २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैराट येथील लहानशा शाळेंत सुरू झाला. मुलांच्या हातीं आलेलीं तीं हिरवीं-पांढरीं यंत्रें लिनक्सवर चालत, आणि प्रत्येकांत कॅमेरा होता. त्यांच्या सुरक्षिततेची योजना इव्हान क्रस्टिच यांनीं त्याच वर्षीं 'बिटफ्रॉस्ट' या नांवानें प्रसिद्ध केली. तींत कॅमेऱ्यासाठीं परवानगीची अट तर होतीच. परंतु तिच्यावर सर्व भिस्त न ठेवतां कॅमेऱ्याशेजारीं एक बारीक दिवा बसविला होता. कॅमेरा चालूं झाला कीं दिवा लागे, आणि त्याची जोडणी यंत्राच्या अंगांतच केलेली असल्यामुळें कोणत्याहि कार्यक्रमास तो विझवितां येत नसे. अक्षर न वाचणाऱ्या मुलासहि कळेल अशी ती परवानगीची भाषा होती. आजच्या भ्रमणध्वनींत याचेंच रूप दिसतें. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. २०१५ सालच्या आवृत्तीपासून प्रत्येक कार्यक्रम कॅमेरा वापरण्यापूर्वीं प्रश्न विचारूं लागला, आणि २०२१ पासून कॅमेरा चालूं असतां पडद्याच्या कोपऱ्यांत हिरवी खूण उमटूं लागली. 'अनुमति द्या' या बटणावर न वाचतां बोट ठेवणारे लोक शाळेच्या संगणकानें एकदां 'नाहीं' म्हटलें कीं चिडतात, ही गमतीची गोष्ट आहे. 'फ्लॅटपॅक' व 'स्नॅप' या पेट्यांत बंद केलेले कार्यक्रम लिनक्सवर घेतले, तर तेथेंहि पेटीची स्वतंत्र परवानगी लागते. फाइलीचे अधिकार ठीक असूनहि चित्र दिसेना, तर पेटीच्या परवानग्या तपासाव्यात.

ज्यांस यांतलें कांहींच करावयाचें नाहीं, त्यांस एक सोपी वाट आहे. कॅमेऱ्यांतील स्मृतिपत्रिका, म्हणजे कार्ड, काढून वाचकयंत्रांत घालावें. त्या कार्डावर चित्रें ज्या पद्धतीनें मांडलेलीं असतात, तींत मालक व गट लिहिण्यास जागाच नसते. जो मनुष्य तें जोडतो, त्यालाच संगणक मालक समजतो. घाईच्या वेळीं हें सोयीचें आहे. पण म्हणूनच कार्ड टेबलावर सोडून जाणें बरें नाहीं.

दुरुस्ती झाली कीं चित्रें उतरतात, आणि बहुतेक लोक तेथेंच थांबतात. खरी परीक्षा आणखी एका पायरीची आहे. कॅमेरा जोडलेलाच ठेवून, त्याच आज्ञापटावर 'एसयू' या आज्ञेनें कोणत्याहि कॅमेरा-गटांत नसलेल्या दुसऱ्या साध्या खात्याचें रूप घ्यावें आणि पुन्हा चित्रें मागावीत. समोर बसलेल्याचें आसन त्या दुसऱ्या खात्याचें नसतें. तेव्हां 'परवानगी नाहीं' हें उत्तर आलें, म्हणजे काम बरोबर झालें. चित्रें आलीं, तर कोठें तरी दार मोठें उघडलें गेलें आहे, आणि नियमाची ती एक ओळ पुन्हा वाचून पाहावी.